शेवटची वीस मिनिटं

आमच्या मैदानावर खेळ माझ्या शिट्टीने सुरू व्हायचा आणि पिप्याने संपायचा. पिपा म्हणजे तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. शाळा चंद्रपूरकडून येताना सिंदेवाहीच्या थोडी अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून होती. माझ्या संघातल्या बारापैकी सात मुली ज्या गावाहून यायच्या, ते गाव तीन-साडेतीन किलोमीटर आत, जंगलातल्या कच्च्या वाटेवर होतं. त्या वाटेवर वाघ होता. कधीमधी दिसायचा असं नाही, तो तिथे राहायचाच. म्हणून गावाने पाळी लावली होती. रोज एका घरचं मोठं माणूस एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पिपा घेऊन दुपारी निघायचं आणि वाटभर तो वाजवत यायचं. साडेचारला शाळेच्या फाटकाशी उभं राहून तीनदा वाजवायचं. पोरी असतील तिथून दप्तरं उचलायच्या आणि सगळी पोरं झुंडीने परत जायची, पुन्हा वाजवत.

मी वरोऱ्याची. कापसाच्या बाजाराजवळ वाढले, त्यामुळे आवाज मोठा आणि राग त्याहून मोठा. विद्यापीठाच्या संघातून दोन वर्षं बास्केटबॉल खेळले होते आणि त्याची घमेंड नोकरीच्या पहिल्या दिवशी सोबत घेऊनच शाळेत शिरले. शाळेत सिमेंटचं कोर्ट होतं, कुठल्याशा योजनेतून झालेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यावर धान वाळत घातलं होतं, एका रिंगेपासून दुसऱ्या रिंगेपर्यंत. शिपायाने समजावलं की गावात एवढी सपाट जागा दुसरी नाही, आणि मुलींना काय, कुठेही उड्या मारता येतात. मी चिडले, भांडले, आणि शेवटी हंगामात अर्धं कोर्ट धानाला, अर्धं आम्हाला असा तह झाला.

मुली मात्र अशा मिळाल्या की मी वरोऱ्याला फोन करून आईला त्यांचंच सांगायचे. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून चिखलात उभं राहणाऱ्या पोरींना दम कसा लागायचा? मी धाप लागून थांबायचे तेव्हा त्या माझ्याकडे काळजीने बघायच्या. एक उंच होती, इतकी की घरचे तिच्या लग्नाची काळजी आतापासून करत होते. आणि एक कॅप्टन होती. नववीतली, बुटकी, कमी बोलणारी. चेंडू तिच्या हातात असला की बाकीच्या अकरा जणींच्या जिवात जीव असायचा. तिचे वडील ढीवर होते. गावच्या जुन्या तलावात जाळं टाकून मासे धरायचे आणि सिंदेवाहीच्या बाजारात विकायचे.

तालुक्यात मुलींचा दुसरा संघच नव्हता, त्यामुळे तालुका आम्ही घाम न गाळता जिंकायचो आणि शाळेच्या फळ्यावर आमचं अभिनंदन झळकायचं. खरं काय ते चंद्रपूरला, जिल्ह्याच्या स्पर्धेत समजायचं. तिथे आम्ही दोन्ही वर्षं एकाच तऱ्हेने हरलो. तीन क्वार्टर आम्ही पुढे, चौथ्यात अर्ध्यापर्यंत पुढे, आणि मग शेवटच्या चार मिनिटांत या पोरींच्या अंगात काहीतरी शिरायचं. चेंडू हातात आला की कुठूनही रिंगेकडे फेकायच्या. आपण पुढे आहोत, वेळ आपल्या बाजूने पळतोय, अशा वेळी चेंडू राखायचा, फिरवायचा, समोरच्याला दमवायचं, घाई त्याला करू द्यायची. हे मी रेषेबाहेरून घसा फुटेपर्यंत सांगायचे. त्या ऐकायच्या, मान हलवायच्या आणि पुन्हा फेकायच्या. दुसऱ्या वर्षी नऊ गुणांनी पुढे होतो आणि एका गुणाने हरलो.

त्या सामन्यात एक गोष्ट माझ्या नजरेत आली. शेवटच्या मिनिटांत माझ्या मुली गुणफलकाकडे बघत नव्हत्या, घड्याळाकडेही नाही. त्या जमिनीकडे बघत होत्या. पायाखाली सावली कुठवर आली आहे ते.

परतताना काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मी मूल गाव येईपर्यंत बडबड केली. बडबड कसली, अक्षरशः झोडपलं सगळ्यांना. मूलला चहासाठी गाडी थांबली तेव्हा कॅप्टन माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमाले शेवट खेळताच येत नाई. आमचा शेवट कधी झालाच नाई ना."

मला आधी समजलं नाही. मग समजलं आणि चहा तसाच हातात राहिला. साडेतीनला शाळा सुटायची. पळणं, पास, नेमबाजी, मग खेळ. दोन क्वार्टर व्हायचे, फार तर तिसरा अर्धा. तेवढ्यात मैदानाच्या कडेच्या चिंचेची सावली मधल्या रेषेवर यायची, आणि ती आली की पोरींना ठाऊक असायचं, आता पिपा वाजणार. मग जिच्या हातात चेंडू ती जिथून असेल तिथून फेकायची, जायच्या आधी एक टोला म्हणून. दोन वर्षं मी हे बघत होते आणि हसत होते. मला ती पोरींची मजा वाटायची. त्यांच्या हातांनी मात्र ते शिकून घेतलं होतं की सावली आली म्हणजे फेकायचं.

दुसऱ्या दिवशी पाळी नेमकी कॅप्टनच्या वडिलांची होती. मी फाटकाशी गेले आणि गोड आवाजात सुरुवात केली, की भाऊ, उद्यापासून वीस मिनिटं जास्त थांबायचं, सगळ्या पालकांना सांगा. ते म्हणाले, जमणार नाही. दिवाळी होऊन गेली होती, दिवस आखडत चालले होते. साडेचारला निघालं तर सव्वापाचला पोचतो, वीस मिनिटं उशिरा निघालं तर शेवटचा तलावाकडचा टप्पा अंधारात पडतो. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला शांत माणसाचा जास्त राग येतो.

"वाघ काय घड्याळ पाहून येतो का, भाऊ?" मी म्हणाले.

"नाई मॅडम. तो पाहत नाई, म्हणून तं आमाले पाहा लागते."

मग मी नेहमी जे करते तेच केलं. आवाज चढवला. मुली दप्तरं घेऊन उभ्या होत्या, कॅप्टन सगळ्यात पुढे. तिच्यासमोर मी तिच्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या या पिप्यापायी ह्या पोरी जन्मभर हरतील. लक्षात ठेवा." सगळी पोरं समोर उभी असूनही त्यांनी पिपा तीनदा वाजवला आणि चालू लागले. कॅप्टन माझ्याकडे न बघता त्यांच्या मागे गेली.

तीन दिवसांनी ते पाळी नसताना आले. म्हणाले, वीस मिनिटं घ्या. पण बाकीचे लोक उशिरा यायला तयार नाहीत, तेव्हा रोज मीच येईन. मी जिंकले होते. शिक्षकांच्या खोलीत जाऊन मी सांगितलंसुद्धा, की या लोकांशी थोडं कडक बोलावं लागतं, मग ऐकतात. हे वाक्य मी बोलले होते, ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

तेव्हापासून ते रोज चारलाच यायचे आणि कोर्टाच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर पिपा बाजूला ठेवून बसायचे. नुसतं बसणं त्यांना जमत नसावं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नायलॉनचा दोरा आणला आणि आमच्या उघड्या रिंगांना जाळ्या विणल्या. मासे धरायच्या जाळ्याचीच गाठ, फक्त डोळे मोठे. चेंडू आत गेला की ती जाळी क्षणभर त्याला धरून ठेवायची, मग सोडायची. मुलींना त्याचं भारी हसू यायचं. मी एकदा त्यांना विचारलं की जाळं काढताना घाई केली तर काय होतं. त्यातून मुलींना सांगण्यासारखं काही हाती लागेल अशी मला आशा होती. ते म्हणाले, काही होत नाही, हात भिजतात लवकर.

मुली मात्र बदलायला लागल्या. सावली मधल्या रेषेवर यायची, ओलांडून पुढे जायची आणि खेळ चालूच राहायचा. पहिले काही दिवस त्या चक्रावल्या. मग एका संध्याकाळी, एका गुणाने पुढे असताना, कॅप्टनने चेंडू हातात धरून मान वर केली, चौघींकडे बघितलं, आणि फेकला नाही. उंच मुलीकडे दिला, परत घेतला, कोपऱ्यात दिला, परत घेतला. मी शिट्टी तोंडात धरून बघत राहिले. भिंतीवर तिचे वडीलही बघत होते. जानेवारीत गडचिरोलीला एक स्पर्धा होती. यंदा तिथे आपण शेवट करून दाखवू, असं मी सगळ्यांना सांगितलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एकदा ते भिंतीवर बसल्या बसल्याच पेंगले. मी चेष्टेने विचारलं, "काय भाऊ, घरी झोपू देत नाहीत का?"

ते ओशाळून हसले. "संध्याकाळी टाकत होतो जाळं. आता संध्याकाळ इथीच जाते. म्हणून पहाटे टाकून राह्यलो."

"बरं झालं की," मी म्हणाले. "पहाटे मासे जास्त मिळत असतील."

आणि वळून मुलींना ओरडले, की बघता काय, पळा. एवढंच झालं होतं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. संध्याकाळी चार-पाच ढीवर मिळून तलावावर जायचे, बोलत, खोकत, विडी ओढत. पहाटे ते एकटे जायचे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी प्रार्थनेला त्या गावचं एकही मूल आलं नाही. दूध घालायला येणाऱ्या माणसाने सांगितलं. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उतारावर, जिथे गवत उंच वाढतं तिथे, दिवस उजाडायच्या आधी. जाळं अर्धं पाण्यात होतं.

आम्ही चार शिक्षक वनखात्याच्या गाडीमागून गावात गेलो. अंगणात माणसं दाटली होती. लोक वनखात्यावर संतापले होते, आणि ते बरोबरच होतं. कोणी म्हणत होतं, वाघाला पकडून न्या. कोणी म्हणत होतं, एवढ्या पहाटे एकट्याने जायचं काय अडलं होतं त्याचं. हे वाक्य मी तीन-चार तोंडून ऐकलं. काय अडलं होतं ते त्या अंगणात मला ठाऊक होतं, आणि माझ्यावर कोणीच रागावलेलं नव्हतं. कॅप्टन भिंतीला टेकून बसली होती. थंडीमुळे कोणीतरी तिच्या अंगावर आमच्या संघाचं निळं जॅकेट टाकलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी समजून गेले की तिला कळलंय आणि ती मला कधी माफ करणार नाही. तिच्या आईपुढे मी हात जोडले. तोंडातून एक शब्द निघाला नाही, आणि मी तो काढायचा प्रयत्नही केला नाही. दिवस मावळायच्या आत स्कूटीवरून सिंदेवाहीला, माझ्या भाड्याच्या खोलीत परतले. गडचिरोलीला आम्ही गेलो नाही.

पंधरा दिवसांनी कॅप्टन शाळेत आली. तोवर मैदानावर कोणी चेंडू काढला नव्हता. ती आली, सामानाच्या खोलीतून चेंडू घेतला, हवा बघितली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, आधी शेवट खेळू," ती म्हणाली. "साडेतीनले सुरुवातीलेच शेवटचे पाच मिनिट. दोन्हीकडं सारखे गुण धरून. मंग बाकीचं. पिपा वाजला का जाऊ."

एवढंच होतं. पाच मिनिटं आधी खेळायची. कोणाला वीस मिनिटं थांबवायची गरज नव्हती, कोणाची पाळी बदलायची नव्हती, कोणाचं जाळं पहाटेवर जायची गरज नव्हती. विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. तिला फक्त भांडायचं सुचलं होतं. मी मुलींना पळायला लावलं, सामानाच्या खोलीत गेले आणि दार ओढून रडले. बाहेर आल्यावर म्हणाले, धानाचा कोंडा गेला डोळ्यांत. कोर्टावर त्या दिवशी धान नव्हतं.

मग वर्षभर आम्ही तसंच केलं. रोज साडेतीनला, पायात दम असताना, आधी शेवट. कधी एकाने पुढे, कधी दोनाने मागे, कधी बरोबरी. चेंडू राखायचा. फाऊल करायचा नाही. फ्री थ्रो मिळाला तर श्वास सोडून मग फेकायचा. दम संपल्यावरचा शेवट वेगळा असतो हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी कोर्टाला दहा चकरा मारायला लावायचे. चारला त्यांचा सामना संपलेला असायचा आणि मग आम्ही सुरुवातीचे क्वार्टर खेळायचो, उलटे. शिपाई म्हणायचा की या मॅडमची शाळाच उलटी आहे. साडेचारला पाच मिनिटं कमी असताना मी शिट्टी मारायचे. पिप्याला माझ्यामुळे एक क्षण थांबावं लागलं असं पुन्हा कधी झालं नाही.

त्या घरची पाळी आली की कॅप्टनची आई यायची. तोच पिपा, एका कोपऱ्यात चेपलेला. ती आली की मी कागद घेऊन ऑफिसात शिरायचे. एकदाही तिच्यासमोर उभी राहिले नाही. कॅप्टनशीही मी खेळाव्यतिरिक्त बोलत नव्हते. ती माझ्यावर चिडलेली आहे असं मी धरूनच चालले होते, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी सोय होती.

पुढच्या नोव्हेंबरात चंद्रपूरला आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. सकाळी अकराचा सामना, समोर तोच संघ, ज्याने आम्हाला एका गुणाने हरवलं होतं. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एकाने पुढे होतो आणि चेंडू कॅप्टनच्या हातात होता. मी उठले. ओरडायला तोंड उघडलं आणि बंद केलं. तिला काही सांगायची गरज नव्हती. ती चेंडू जमिनीवर आपटत उभी होती, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दुसरा हात पुढे धरून. दोघी तिच्या अंगावर धावल्या तेव्हा तिने उंच मुलीकडे दिला. परत घेतला. कोपऱ्यात दिला. परत घेतला. आमच्या पोरींपैकी एकीनेही जमिनीकडे बघितलं नाही. मग समोरच्या मुलीने तिला धक्का दिला आणि शिट्टी झाली.

दोन फ्री थ्रो. पहिला रिंगेवर आदळून बाहेर गेला. दुसऱ्याच्या आधी तिने चेंडू छातीशी धरला आणि श्वास सोडला. तो आत गेला. मग सात सेकंद उरले होते. समोरच्या संघाने धाव घेतली, उंच मुलीने दोन्ही हात वर करून वाट अडवली, कोणाला हात लावला नाही, आणि त्यांचा चेंडू रिंगेला लागून परत आला. दोन गुणांनी आम्ही जिंकलो. अकरा मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. कॅप्टन फ्री थ्रोच्या रेषेवरच खाली बसली आणि तिने गुडघ्यांत डोकं घातलं.

परतीच्या एसटीत ती माझ्याजवळ येऊन बसली. मागे मुली गाणी म्हणत होत्या. मूल गाव मागे गेलं, जंगल सुरू झालं, तरी ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, बाबा माह्यामुळे गेले."

मी म्हणाले, असं काही बोलू नको.

"तुमी भांडल्या ना त्या दिवशी, मले लय शरम वाटली. तुमची नाई, बाबाची. घरी जाऊन मी त्याइच्याशी बोललीच नाई. दोन दिवस. जेवलीबी नाई संगं. तिसऱ्या दिवशी ते म्हणे, बरं बाप्पा, थांबतो वीस मिनिट, आता तं बोल. म्हणून जाळं पहाटेवर गेलं. आईले हे माहीत नाई. मी वर्षभर आईच्या तोंडाकडं पाह्यलं नाई, मॅडम."

त्या अंगणात तिने मान का फिरवली होती ते मला तेव्हा कळलं. मी तिला माझी न्यायाधीश करून ठेवलं होतं, आणि ती पंधरा वर्षांची पोर माझ्याच गुन्ह्याची शिक्षा भोगत होती. मी एक वाक्य बोलले असते तर तिला ती भोगावी लागली नसती. त्या वाक्याला मी वर्षभर घाबरले. एसटीत, गाण्यांच्या गोंगाटात, मी ते बोलले. की पहाटे जाळं टाकतो हे तुझ्या बाबांनी मला सांगितलं होतं. मी बरं झालं म्हणाले होते. वीस मिनिटं मी मागितली होती, तू नाही.

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

"मंग तुमी मले आधी काऊन नाई सांगितलं?"

मी म्हणाले, "भ्याले मी." याहून मोठं काही माझ्याकडे नव्हतं.

साडेचारच्या सुमारास एसटी शाळेजवळच्या फाट्याला थांबली. कॅप्टनची आई काठी आणि पिपा घेऊन उभी होती. पाळी तिची नव्हती, ती मागून घेतली होती. सात मुली उतरल्या, आणि माझं सिंदेवाहीचं तिकीट काढलेलं असताना मीही उतरले. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी त्या वाटेवर मी पहिल्यांदाच चालत होते. कॅप्टनचे वडील गेले त्या दिवशी आले होते ती स्कूटीवरून. वीस मिनिटं जेव्हा मागितली तेव्हा ही वाट मी पाहिलेलीही नव्हती. पुढे मुली, हातात चषक, मध्ये मी, मागे ती पिपा वाजवत. नाला उतरावा लागतो, पुढे बांबूचं बन येतं, तिथे उजेड असा एकदम कमी होतो की माणूस आपोआप भरभर चालायला लागतो. तलाव दिसला तेव्हा सूर्य झाडांच्या खाली गेला होता. मी घड्याळ पाहिलं. बायामाणसांच्या आणि पोरींच्या चालीने पन्नास मिनिटं लागली होती.

तलावाच्या पाळीवर मी थांबले आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. फाटकाशी मी काय बोलले ते, वीस मिनिटांचं, पहाटेचं. आणि पोरीने दोन दिवस बोलणं सोडलं होतं ते कॅप्टनने स्वतः, शेजारी उभं राहून सांगितलं. आईने पिपा वाजवायचं थांबवलं नाही. एकसारखा वाजवत होती, ऐकत होती. मग तिने एका हाताने पोरीला जवळ ओढलं.

"मले म्हणत होते ते," ती म्हणाली. "मॅडमबी म्हणते, पहाटे मासे जास्त मिळते. हासत होते सांगताना."

माफी मागायचे शब्द मी वाटभर जुळवले होते, त्यातला एकही आठवला नाही. मुली घरांकडे पांगल्या होत्या. मी म्हणाले, येते मी, अजून थोडा उजेड आहे, फाट्यावर काहीतरी गाडी मिळेल. आणि खरंच वळले. तिथे तिच्यासमोर उभं राहण्यापेक्षा मला ती वाट सोपी वाटत होती.

तिने काठी आडवी धरून मला अडवलं.

"थांबा इथीच," ती म्हणाली. "आता कोणालेच जाऊ देत नाई आमी."

मी थांबले. घरी पोचल्यावर तिने दारात खाट टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि चूल पेटवायला आत गेली. पिपा तिने माझ्याजवळच उंबऱ्याशी ठेवला होता.